तुळईतील कर्तन व त्याचे संगणकीय प्रतिमान

तुळईच्या एका छेदाला लागून असलेले दोन भाग एकमेकांवरून सरकवू पाहणारी जी अंतर्गत क्रिया तुळईत निर्माण होते, तिला कर्तन असे म्हणतात. तुळईवर भार आला की ती वाकते व त्याच वेळी तिच्यात कर्तनही उद्भवते. वाकण्याच्या क्रियेला नमन म्हणतात. इमारतीचे गणित आता बहुधा संगणकावर केले जाते. त्या गणितात कर्तन किती व कसे धरले जाईल हे प्रतिमान रचणारा अभियंता ठरवतो. कर्तनाने होणारा भंग अचानक घडतो आणि बहुधा पूर्वसूचना देत नाही. म्हणून हा निर्णय इमारतीत राहणाऱ्यांच्या जीविताशी जोडलेला असतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांत प्रबलित काँक्रीटच्या बांधकामाकडे लोकांचा कल वाढला. त्यामुळे मराठवाड्याच्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आहे.

स्वरूप

कर्तनाची कल्पना येण्यासाठी वह्यांची एक चळत दोन विटांवर आडवी ठेवून मध्यभागी दाबावी. चळत सहज वाकते आणि प्रत्येक वही शेजारच्या वहीवरून थोडी सरकलेली दिसते. हीच चळत दोरीने घट्ट आवळून बांधली तर वह्या सरकत नाहीत आणि चळत फारशी वाकत नाही. अखंड तुळईत असे थर वेगळे नसतात, परंतु त्यांना सरकवू पाहणारे बल मात्र असते. या बलाला छेदाच्या क्षेत्रफळावर वाटले की कर्तन प्रतिबल मिळते.

हे प्रतिबल छेदात सर्वत्र सारखे नसते. आयताकृती छेदात ते वरच्या व खालच्या कडेला शून्य असते आणि मध्यावर सर्वाधिक, म्हणजे सरासरीच्या दीडपट असते. वर्तुळाकृती छेदात महत्तम मूल्य सरासरीच्या सुमारे १.३३ पट भरते. इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या पोलादी तुळईत वरच्या व खालच्या पट्ट्या मुख्यतः नमन पेलतात आणि कर्तनाचा जवळजवळ सर्व भार मधल्या उभ्या पत्र्यावर येतो.

काँक्रीटमध्ये कर्तनाचा परिणाम तिरप्या तड्यांच्या रूपाने दिसतो. शुद्ध कर्तन असलेल्या ठिकाणी ४५ अंशांच्या एका दिशेने ताण व तिच्या काटकोनातील दिशेने दाब निर्माण होतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणाला दुबळे असते. त्यामुळे ते ताणाच्या दिशेला काटकोनात, म्हणजे तिरपे तडकते. फळ्यावर लिहिण्याचा खडू दोन्ही हातांनी पिळला असता तो सरळ न तुटता तिरप्या पृष्ठावर तुटतो, यामागेही हेच कारण आहे.

ऐतिहासिक विकास

तुळईतील कर्तन प्रतिबलाचे सूत्र रशियन अभियंता दिमित्री झुराव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडले. सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को या लोहमार्गावरील लाकडी पुलांचे काम करताना त्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. लाकूड तंतूंच्या दिशेने कर्तनाला दुबळे असते, त्यामुळे जाड लाकडी तुळया लांबीच्या दिशेने चिरण्याचा धोका असतो. झुराव्स्की यांच्या सूत्रानुसार छेदातील एखाद्या पातळीवरील कर्तन प्रतिबल काढण्यासाठी कर्तन बलाला त्या पातळीपलीकडील क्षेत्राच्या प्रथम परिबलाने गुणतात आणि त्या गुणाकाराला छेदाचे निरूढी परिबल व त्या पातळीवरील रुंदी यांच्या गुणाकाराने भागतात.

प्रबलित काँक्रीटसाठी स्वित्झर्लंडचे विल्हेल्म रिटर यांनी १८९९ मध्ये आणि त्यानंतर जर्मनीचे एमिल मोर्श यांनी कैचीची उपमा मांडली. तडकलेल्या तुळईत तड्यांमधील काँक्रीटचे तिरपे पट्टे दाब घेतात आणि उभ्या सळया ताण घेतात, अशी ही कल्पना आहे. या उभ्या सळयांना बांधकामावर ‘रिंग’ म्हणतात. रिंगांचे गणित आजही मुख्यतः याच कल्पनेवर चालते.

स्टीफन टिमोशेंको यांनी १९२१ मध्ये कंप पावणाऱ्या तुळईच्या समीकरणात कर्तनामुळे होणारे विरूपण समाविष्ट केले. त्यापूर्वीच्या ऑयलर व बर्नुली यांच्या सिद्धांतात तुळईचा सपाट छेद वाकल्यावरही सपाट आणि अक्षाला काटकोनातच राहतो असे गृहीत धरलेले होते. टिमोशेंको यांच्या सिद्धांतात छेद सपाट राहतो, पण अक्षाशी त्याचा काटकोन राहीलच असे नाही. संगणक प्रणालींतील तुळई-घटक या दोन सिद्धांतांपैकी एकावर आधारलेले असतात. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या फ्रँक वेक्चिओ व मायकेल कॉलिन्स यांनी १९८६ मध्ये तडकलेल्या काँक्रीटच्या कर्तन-वर्तनाचा सुधारित दाबक्षेत्र सिद्धांत प्रसिद्ध केला. पुढील अनेक प्रगत प्रतिमानांना त्याचा आधार आहे.

नमन-भंग आणि कर्तन-भंग

योग्य प्रमाणात सळया असलेली तुळई नमनाने भंगते तेव्हा प्रथम खालच्या सळया ताणल्या जातात, तडे रुंदावतात आणि तुळई डोळ्यांना दिसेल इतकी झुकते. आतील माणसांना बाहेर पडण्यास किंवा टेकू देण्यास अवधी मिळतो. अशा वर्तनाला तन्य वर्तन म्हणतात. कर्तन-भंगात आधाराजवळ तिरपा तडा पडतो आणि पुरेशा रिंगा नसल्यास थोड्याच वेळात तुळई दुभंगते. हे ठिसूळ वर्तन होय.

अमेरिकेतील ओहायो राज्यात शेल्बी येथे १९५५ मध्ये हवाई दलाच्या गोदामाच्या छताच्या काँक्रीट तुळया कर्तनाने कोसळल्या. त्या वेळी छतावर स्वतःच्या वजनापलीकडे फारसा भार नव्हता. भंगलेल्या भागात रिंगा जवळजवळ नव्हत्या. या घटनेनंतर अमेरिकेतील मानकांतील कर्तनविषयक तरतुदी कठोर करण्यात आल्या.

संगणकीय विश्लेषणातील त्रुटीचे उदाहरण म्हणून नॉर्वेतील स्लाइपनर-ए या समुद्री तेलमंचाचा उल्लेख केला जातो. २३ ऑगस्ट १९९१ रोजी या मंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी बुडाला. त्याच्या पोकळ कप्प्यांमधील भिंतींचे संगणकीय प्रतिमान पुरेसे बारीक नव्हते. त्यामुळे तेथील कर्तन प्रतिबल सुमारे ४७ टक्क्यांनी कमी निघाले आणि त्या ठिकाणी सळयाही अपुऱ्या राहिल्या. प्रणालीने दिलेल्या प्रतिमानाचेच उत्तर काढले होते. दोष प्रतिमानाच्या रचनेत आणि सळयांच्या मांडणीत होता.

कर्तन विरूपणाचे महत्त्व

कर्तनासंबंधी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. कर्तनामुळे तुळई किती झुकते हा विरूपणाचा प्रश्न आहे. ती किती कर्तन पेलू शकते हा सामर्थ्याचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर नगण्य असले तरी दुसऱ्याचे उत्तर नगण्य असते असे नाही. नवशिक्यांची गफलत बहुधा याच ठिकाणी होते.

दोन्ही टोकांना साधा आधार असलेल्या, सर्वत्र सारखा भार असलेल्या आयताकृती काँक्रीट तुळईत कर्तनामुळे होणारे विचलन हे नमनामुळे होणाऱ्या विचलनाच्या तुलनेत पुढीलप्रमाणे असते. येथे काँक्रीट न तडकलेले असून प्वासाँ गुणोत्तर ०.२ धरले आहे.

गाळा खोलीच्या १५ पट : सुमारे १ टक्का
गाळा खोलीच्या १० पट : सुमारे २.३ टक्के
गाळा खोलीच्या ५ पट : सुमारे ९ टक्के
गाळा खोलीच्या ३ पट : सुमारे २६ टक्के
गाळा खोलीच्या २ पट : सुमारे ५८ टक्के

नेहमीच्या घरातील तुळयांचा गाळा खोलीच्या ८ ते १५ पट असतो. तेथे कर्तन विरूपण सोडून दिले तरी विचलनात फारसा फरक पडत नाही. आखूड व खोल तुळया, लिफ्टभोवतीच्या भिंतींना जोडणाऱ्या तुळया, पाण्याच्या टाकीच्या भिंती आणि दोन खिडक्यांमधील भिंतखंड यांच्या बाबतीत मात्र ते सोडल्यास उत्तर चुकते. दोन्ही टोकांना घट्ट धरलेल्या आणि लांबी व खोली सारखीच असलेल्या खंडाची आडव्या बलाविरुद्धची ताठरता, कर्तन विरूपण धरल्यावर, केवळ नमनावरून काढलेल्या ताठरतेच्या सुमारे २६ टक्केच उरते. भूकंपाचे बल ताठरतेच्या प्रमाणात निरनिराळ्या अवयवांत वाटले जाते. म्हणून ही चूक त्या एका खंडापुरती न राहता बलाची संपूर्ण वाटणी बिघडवते.

संगणक प्रणालीतील मांडणी

कर्तन क्षेत्र

स्टॅड प्रो, ईटॅब्स, सॅप २००० यांसारख्या प्रणालींत तुळई ही दोन टोकांना जोडलेल्या रेषेच्या स्वरूपात दाखवली जाते. रेषेला जाडी नसते, म्हणून छेदाचे गुणधर्म आकड्यांनी दिले जातात. क्षेत्रफळ, दोन अक्षांभोवतीची निरूढी परिबले, पीळ-स्थिरांक आणि कर्तन क्षेत्र हे त्यांपैकी मुख्य होत.

कर्तन क्षेत्र हे छेदाच्या एकूण क्षेत्रफळापेक्षा कमी असते, कारण कर्तन प्रतिबल छेदात सारखे पसरलेले नसते. आयताकृती छेदासाठी ते क्षेत्रफळाच्या पाच-षष्ठांश व भरीव वर्तुळासाठी नऊ-दशांश धरतात. आय आकाराच्या पोलादी तुळईसाठी एकूण खोली व मधल्या पत्र्याची जाडी यांचा गुणाकार घेतात. ३०० मिमी खोलीच्या व ७.५ मिमी जाड पत्र्याच्या आयएसएमबी ३०० या तुळईत हे मूल्य एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे ४० टक्के येते. स्लॅबसह ओतलेल्या टी आकाराच्या काँक्रीट तुळईतही कर्तनासाठी केवळ खालच्या उभ्या भागाची रुंदी धरतात.

प्रमाणित आकाराचा छेद निवडल्यास प्रणाली हे क्षेत्र स्वतः काढते. छेदाचे आकडे हाताने भरताना मात्र ही जागा रिकामी किंवा शून्य राहू शकते. क्षेत्र शून्य असेल तर प्रतिकारही शून्य, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सॅप २००० सारख्या प्रणालीत शून्य कर्तन क्षेत्राचा अर्थ ‘कर्तन विरूपण धरू नये’ असा घेतला जातो आणि तुळई कर्तनाला जणू अनंत ताठर ठरते.

तडकलेल्या छेदाची ताठरता

भूकंपाच्या विश्लेषणासाठी आयएस १८९३ (भाग १) : २०१६ या मानकानुसार काँक्रीटच्या तुळयांचे निरूढी परिबल मूळच्या ३५ टक्के आणि स्तंभांचे ७० टक्के धरतात. प्रणालीत हे गुणक नमनाच्या ताठरतेला लागू होतात. कर्तन क्षेत्राचा गुणक वेगळा असतो व तो न बदलल्यास पूर्वीचाच राहतो. आखूड तुळयांत कर्तनामुळे पडणाऱ्या तड्यांनीही ताठरता बरीच घटते. अशा ठिकाणी केवळ पहिला गुणक बदलणे पुरेसे नसते.

तंतू-छेद व बिजागऱ्या

इमारत कोसळण्याच्या स्थितीपर्यंतचा अभ्यास करताना अरेखीय प्रतिमान वापरतात. त्याच्या एका प्रकारात छेदाचे अनेक बारीक तंतूंत विभाजन करून प्रत्येक तंतूला काँक्रीटचे किंवा पोलादाचे गुणधर्म दिले जातात. अशा छेदात प्रत्येक तंतूला लांबीच्या दिशेने ताण किंवा दाब एवढेच ठाऊक असते. नमन व अक्षीय बल यांचे वर्तन यातून चांगले उमटते, परंतु कर्तन त्यात मुळातच नसते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या ओपनसीस या प्रणालीत तंतू-छेदाला कर्तनाचा स्वतंत्र नियम जोडण्याची सोय आहे. तो जोडला नाही तर अपुऱ्या रिंगांचा स्तंभही आलेखावर शांतपणे वाकत राहतो आणि मोडत नाही.

दुसऱ्या प्रकारात अवयवाच्या ठरावीक बिंदूंवर बिजागऱ्या कल्पिल्या जातात. नमनाची बिजागरी फिरत जाते, म्हणून तिचे मोजमाप फिरण्याच्या कोनावरून करतात. कर्तनाची बिजागरी ठिसूळ असल्याने ती बलावरून तपासतात. मर्यादा ओलांडली की तो अवयव भंगला असे समजतात. केवळ नमनाच्या बिजागऱ्या दिलेले प्रतिमान इमारतीची क्षमता प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकते.

भारतीय मानकांतील तरतुदी

आयएस ४५६ : २००० नुसार तुळईतील नाममात्र कर्तन प्रतिबल हे कर्तन बलाला रुंदी व प्रभावी खोली यांच्या गुणाकाराने भागून मिळते. काँक्रीट स्वतः किती प्रतिबल घेऊ शकते हे काँक्रीटची प्रत व ताणाकडील सळयांचे प्रमाण यांवर अवलंबून असते. एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी ०.५ टक्के सळया असताना हे मूल्य ०.४८ आणि १ टक्का असताना ०.६२ न्यूटन प्रति चौरस मिमी आहे. त्यापुढील कर्तन रिंगांनी घ्यावयाचे असते. कितीही रिंगा घातल्या तरी एम-२० साठी एकूण प्रतिबल २.८ न्यूटन प्रति चौरस मिमीपेक्षा अधिक चालत नाही, कारण त्यापुढे तिरप्या पट्ट्यांतील काँक्रीटच चिरडते. उभ्या रिंगांमधील अंतर प्रभावी खोलीच्या ०.७५ पट किंवा ३०० मिमी यांपैकी लहान मूल्यापेक्षा जास्त नसावे.

भूकंपप्रवण भागासाठी आयएस १३९२० हे मानक लागू होते. त्याची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये व सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. त्यातील मध्यवर्ती तत्त्व असे की तुळई कर्तनाने मोडण्यापूर्वी ती नमनाने झुकलीच पाहिजे. त्यासाठी तुळईच्या टोकांना प्रत्यक्ष घातलेल्या सळया जेवढे नमन पेलू शकतात, त्याच्या १.४ पट नमनातून निर्माण होणारे कर्तन हिशेबात धरतात. २०१६ च्या आवृत्तीनुसार या कर्तनाविरुद्ध काँक्रीटचा वाटा धरावयाचा नाही. सर्व भार उभ्या रिंगांनी घ्यावयाचा असतो.

उदाहरण

२३० मिमी रुंद, ४५० मिमी खोल व ४१० मिमी प्रभावी खोलीची, ४ मीटर गाळ्याची एम-२० काँक्रीटची तुळई घेऊ. तिच्यावर वाढीव भार मीटरला ३६ किलोन्यूटन असून ताणाकडे १६ मिमी व्यासाच्या एफई-४१५ प्रतीच्या तीन सळया आहेत.

टोकांना साधा आधार असल्यास आधाराच्या कडेला कर्तन ७२ किलोन्यूटन येते. कडेपासून प्रभावी खोलीइतक्या अंतरावर ते सुमारे ५७ किलोन्यूटन होते आणि नाममात्र प्रतिबल ०.६१ न्यूटन प्रति चौरस मिमी निघते. सळयांचे प्रमाण ०.६४ टक्के असल्याने काँक्रीट स्वतः सुमारे ४९ किलोन्यूटन पेलते. उरलेल्या ८ किलोन्यूटनांसाठी ८ मिमी व्यासाच्या दोनपदरी रिंगा ३०० मिमी अंतरावर, म्हणजे किमान तरतुदीप्रमाणे घातल्या तरी पुरतात.

आता हीच तुळई स्तंभांशी अखंड जोडलेल्या सांगाड्यात आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना वर व खाली प्रत्येकी अशाच तीन सळया आहेत असे समजू. प्रत्येक टोकाची नमन-क्षमता सुमारे ७७ किलोन्यूटन-मीटर येते. दोन्ही क्षमतांच्या बेरजेला १.४ ने गुणून ४ मीटरने भागल्यास ५४ किलोन्यूटन कर्तन मिळते. भूकंपाच्या वेळच्या १.२ पट भारामुळे आणखी सुमारे ५८ किलोन्यूटन येतात. एकूण कर्तन सुमारे ११२ किलोन्यूटन होते. काँक्रीटचा वाटा सोडल्यास त्याच रिंगा सुमारे १३० मिमी अंतरावर लागतात. टोकांजवळ, प्रभावी खोलीच्या दुप्पट लांबीत, मानकाप्रमाणे हे अंतर १०० मिमीपेक्षा जास्त चालत नाही. तीच तुळई, त्याच सळया, पण रिंगांचे अंतर ३०० वरून १०० मिमीवर येते.

हे ११२ किलोन्यूटन केवळ विश्लेषणाच्या निकालात आपोआप दिसत नाहीत. ते प्रत्यक्ष घातलेल्या सळयांवरून काढावे लागतात. कामावर ‘लोखंड जास्त म्हणजे घर मजबूत’ या समजुतीने १६ ऐवजी २० मिमीच्या सळया घातल्या आणि रिंगा तशाच ठेवल्या, तर टोकांची नमन-क्षमता वाढते, तिच्याबरोबर कर्तनाची मागणीही वाढते आणि तुळई झुकण्याऐवजी तुटण्याचा संभव निर्माण होतो. रिंगेचे आकडे ९० अंशांऐवजी १३५ अंशांत वाकवून आतील काँक्रीटमध्ये रुतवणे हेही या मानकानुसार आवश्यक आहे. बाहेरील आवरण गळून पडल्यावर ९० अंशांचा आकडा उघडतो, आणि गणितात धरलेली रिंग प्रत्यक्षात उरत नाही.

किल्लारी भूकंपाचा संदर्भ

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील ५२ गावे उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या निरनिराळ्या नोंदींत सुमारे आठ ते दहा हजार अशी आढळते. हा प्रदेश त्या वेळच्या मानकातील नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. २००२ च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्र रद्द करण्यात आले आणि किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात झाला.

या भूकंपात प्राणहानी मुख्यतः दगडी घरांमुळे झाली. काँक्रीट तुळयांच्या कर्तन-भंगाचा तीत मोठा वाटा नव्हता. या भागातील पारंपरिक घरांच्या भिंती जाड, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडांच्या होत्या. भिंतीचे आतील व बाहेरील असे दोन थर आणि मध्ये लहान दगड-मातीची भर अशी रचना असे. वर लाकडी खणांवर मातीचे जड माळवद असे. मातीच्या गाऱ्याला ताण किंवा कर्तन पेलण्याची शक्ती जवळजवळ नसल्याने हादऱ्यांत भिंतींचे थर एकमेकांपासून सुटले, दगड बाहेर पडले आणि माळवद खाली आले. वह्यांच्या न बांधलेल्या चळतीसारखीच ही स्थिती होय. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड आणि दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर सर्व भिंतींभोवती फिरणारा अखंड पट्टा हे उपाय अशा बांधकामासाठी मानकांत सुचवले आहेत. पट्टा भिंतींना एकत्र बांधतो, आरपार दगड थरांना धरून ठेवतात.

अशा भिंतींचे संगणकीय प्रतिमान करताना खिडक्यांमधील खंडांना उभ्या व त्यांवरील भागांना आडव्या तुळया समजून समतुल्य सांगाडा रचण्याची पद्धत आहे. या खंडांची उंची त्यांच्या रुंदीच्या जवळपास असल्याने कर्तन विरूपण व कर्तन सामर्थ्य दोन्ही निर्णायक ठरतात. थर सुटणे ही घटना मात्र या प्रतिमानात येत नाही. म्हणून आरपार दगड नसलेल्या भिंतीला अखंड समजून काढलेले उत्तर फसवे असते.

भूकंपानंतर दगडी घरांविषयी लोकांच्या मनात भीती बसली आणि काँक्रीटला पसंती मिळू लागली. काँक्रीटची इमारत मात्र केवळ सामग्रीमुळे सुरक्षित होत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली काँक्रीट इमारती कोसळल्या. मोकळा तळमजला आणि स्तंभांतील विरळ रिंगा ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती.

आखूड स्तंभ

स्तंभांच्या कर्तन-भंगाचा एक नेहमीचा प्रकार शाळांच्या इमारतींत संभवतो. व्हरांड्याच्या किंवा वर्गाच्या बाजूने स्तंभांच्या मध्ये खिडकीच्या तळापर्यंत भिंत बांधली जाते व वर रुंद खिडक्या ठेवल्या जातात. भिंतीत अडकलेला स्तंभाचा भाग हलू शकत नाही, म्हणून सर्व विरूपण वरच्या मोकळ्या भागात एकवटते.

३ मीटर उंचीच्या, ४५० मिमी खोलीच्या स्तंभाचा केवळ १ मीटर भाग मोकळा राहिला, तर निव्वळ नमनाच्या गणिताने त्याची ताठरता २७ पट होते. कर्तन विरूपण धरल्यास ती सुमारे १८ पट भरते. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. शेजारच्या मोकळ्या स्तंभांच्या मानाने हा स्तंभ अनेकपट बल स्वतःकडे ओढतो आणि त्याच्या रिंगा त्यासाठी योजलेल्या नसतात. संगणकीय प्रतिमानात भिंतींचा केवळ भार धरून ताठरता सोडून दिली जाते, तेव्हा हा स्तंभ इतरांसारखाच ३ मीटर उंच दिसतो व धोका निकालात उमटत नाही. यावर उपाय म्हणून भिंत व स्तंभ यांत फट ठेवतात किंवा स्तंभाच्या पूर्ण उंचीत रिंगा जवळजवळ घालतात.

पडताळणी

प्रतिमानात कर्तनाची मांडणी बरोबर झाली आहे की नाही हे काही सोप्या कसोट्यांनी तपासता येते.

साधा आधार असलेली, गाळा खोलीच्या दहापट असलेली एक आयताकृती काँक्रीट तुळई प्रणालीत रचून तिचे विचलन काढावे. निव्वळ नमनाच्या सूत्राने आलेल्या उत्तरापेक्षा ते सुमारे २.३ टक्क्यांनी अधिक आले तर कर्तन विरूपण धरले गेले आहे. फरक शून्य आल्यास ते सोडले गेले आहे.

प्रणालीने दाखवलेले कर्तन क्षेत्र हाताने ताडून पाहावे. २३० × ४५० मिमीच्या छेदासाठी ते ८६,२५० चौरस मिमी यावयास हवे.

छेदाचे स्थानिक अक्ष तपासावेत. रुंदी व खोली यांची अदलाबदल झाल्यास आयताचे क्षेत्रफळ व कर्तन क्षेत्र तेच राहते, पण वरील छेदाची नमनाची ताठरता सुमारे ३.८ पटींनी घटते. त्यामुळे केवळ क्षेत्रफळ पाहून ही चूक कळत नाही.

सर्व आधारांवरील प्रतिक्रियांची बेरीज एकूण भाराइतकी आहे का ते पाहावे, आणि एखाद्या तुळईच्या टोकाचे कर्तन कागदावर काढून निकालाशी जुळवावे.

शेवटी, प्रणालीने दिलेली रिंगांची संख्या कोणत्या कर्तनावर आधारलेली आहे हे पाहावे. ती निव्वळ विश्लेषणातून आलेल्या कर्तनावर असेल, तर प्रत्यक्ष सळयांच्या नमन-क्षमतेवरून येणारे कर्तन स्वतंत्रपणे काढणे आवश्यक असते. नकाशावर सळया बदलल्या किंवा कामावर त्या बदलाव्या लागल्या, तर हे गणित पुन्हा करावे लागते.